खोटं वेखंड

सुकदेवरावांना पार्सल आलं, तेव्हा त्यांनी ते घ्यायला चक्क नकार दिला. निवृत्त माणसाला लग्नाची पत्रिका येते, पेन्शनच्या कार्यालयाचं पत्र येतं, फार तर विमावाल्याचं कॅलेंडर येतं. पार्सल येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमननं नाव दाखवलं, वरणगाव दाखवलं, घराचा नंबर दाखवला. तरी एकदा समोर विचारून बघा, असं सुकदेवराव म्हणत होते, तेवढ्यात लताबाई मागून आल्या, त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि पार्सल उचलून सरळ देवघरापुढे नेऊन ठेवलं. पाठवणारे होते देहरादूनचे बिष्टसाहेब.

बिष्टसाहेब म्हणजे फॅक्टरीतले सुकदेवरावांचे फोरमन. बावीस वर्षं दोघांची क्वार्टरं भिंतीला भिंत लावून होती. सुकदेवरावांना साहेबांचा धाक होता तो अजूनही आहे. फोनवर साहेबांचा आवाज आला की ते आजही खुर्चीतून उठतात. लताबाईंचं सगळं गूळपीठ मात्र साहेबांच्या पत्नीशी, हेमाभाभींशी. मुलगी रूपा सहा महिन्यांची असताना लताबाईंना टायफॉइड झाला आणि तो चांगला चाळीस दिवस मुक्काम ठोकून बसला. माहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं, सासरी करणारं कुणी नव्हतं, आणि सुकदेवरावांना तेव्हा दूध तापवतानासुद्धा घाम फुटायचा. पहिल्याच दिवशी हेमाभाभी आल्या, लताबाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला, रूपाला उचललं आणि घेऊन गेल्या. चाळीस दिवसांनी पोरगी परत आली ती अंगानं भरलेली आणि गढवाली अंगाई ऐकल्याशिवाय झोपायला तयार नसलेली. पुढे कधीही लताबाईंनी त्याचा विषय काढला की हेमाभाभी हात झटकायच्या आणि भाजी कुठली केलीस ते विचारायच्या.

तर त्या पार्सलात जोड्याचं खोकं होतं, खोक्यात वर्तमानपत्राची गुंडाळी होती आणि गुंडाळीत आल्याच्या मोठ्या गड्ड्यासारखा एक कंद होता. वर कापलेली पाती पंख्यासारखी पसरलेली, आणि दोन्ही बाजूंना दोन फुगवटे. सोबत साहेबांचं पत्र होतं. हेमाभाभी फेब्रुवारीत गेल्या, हे फोनवर कळलं होतंच. आता बंगल्याच्या जागी मुलगा इमारत बांधत होता आणि हेमाभाभींची बाग उकरली गेली होती. त्या बागेतल्या आयरिसचे तीन कंद साहेबांनी वाचवले आणि तीन घरी पाठवले. घरांची नावं हेमाभाभी स्वतः सांगून गेल्या होत्या. त्यात एक नाव लताचं होतं.

फुलाचं वर्णन साहेबांनी फोरमनच्या शिस्तीत केलं होतं. उंची कमरेएवढी. रंग जांभळा. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर केशरी केसांची दाढी. मसुरीच्या एका नर्सरीवाल्यानं हे वाण दिलं होतं आणि तो त्याला 'मसूरी की शाम' म्हणायचा. खोक्याच्या तळाशी एक जुनी चिठ्ठी होती, हेमाभाभींच्या अक्षरातली, पाच ओळींची. कंद की पीठ धूप में रहे. पानी कम. खाद कम. छेड़ो मत. सब्र.

लताबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, डोळे पुसले आणि एवढंच म्हणाल्या, की भाभींच्या क्वार्टरात कुंडीत अशी पाती असायची, पण फूल काही कधी दिसलं नव्हतं. तिकडे सुकदेवरावांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आयुष्यात एक ऋण असं आहे जे फेडायची संधी पोस्टानं घरपोच आली आहे. हे फूल आपल्या अंगणात आणायचं आणि साहेबांना दाखवायचं. त्यांनी लगेच देहरादूनला फोन लावला, उभे राहिले आणि आपल्या खास फॅक्टरी हिंदीत शब्द देऊन टाकला. "साहब, आप बेफिकीर रहो. फूल लाके दिखाऊंगा."

फोन ठेवला आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडून नानांचं डोकं वर आलं.

चुडामण नाना हे शेजारी. तापीकाठी त्यांची केळीची बाग. चाळीस वर्षं त्यांनी केळी पिकवली आणि मग गुडघ्यांनी संप केला म्हणून बाग मुलाच्या, हितेंद्रच्या हवाली केली. बाग दिली, पण सल्ला स्वतःकडेच ठेवला. वरणगावच्या कॉलनीत येऊन राहिल्यापासून तो सल्ला अंगात साचत चालला होता आणि कुणाच्या दारची तुळस जरा पिवळी पडली तरी नाना विळा घेऊन हजर व्हायचे. असा माणूस, आणि भिंतीपलीकडे कंद आलेला. नानांच्या चेहऱ्यावर पाच वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं.

सुकदेवरावांनी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवायला घेतली. पहिल्याच ओळीला नानांनी हात वर केला.

"मले सांग सुकदेवा, कंद उघडा ठेवतं का कोनी? मी लाखभर कंद गाडले असतीन. एक तरी उठून म्हनला का, मले उन्हात ठेव म्हनून?"

नाना पुढे म्हणाले, की पहाडी लोक बिचारे सफरचंदवाले. झाड एकदा लावलं की पन्नास वर्षं पाहायचं काम नाही. कंदाचं त्यांना काय कळणार? सुकदेवरावांच्या आज्याचीही पाच बिघे केळी होती. त्या आज्याचं रक्त त्यांच्यात उसळलं आणि चिठ्ठी खिशात गेली.

दीड फूट खड्डा खणला. तळाला शेणखत, त्यावर निंबोळी पेंड, त्यावर कंद, त्यावर माती, आणि मातीवर नानांनी टाच देऊन अशी गच्च दाबणी केली, की कंदाच्या जागी हत्ती असता तरी वर येऊ शकला नसता. मग ठिबक आलं. एका कंदासाठी एक नळी, एक ड्रिपर आणि हितेंद्रच्या शेतावरून आणलेला टायमर. सप्टेंबर महिना, वरून पाऊस पडतोय आणि खाली टायमर सकाळ-संध्याकाळ इमानानं चालू होतोय. लताबाईंनी एकदा चिठ्ठीतल्या 'पानी कम'ची आठवण करून दिली. तेव्हा दोन्ही पुरुषांनी एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली. हे हलवणं लताबाईंच्या चांगलं लक्षात राहिलं आहे.

तीन आठवड्यांनी पाती पिवळी पडली आणि अंगणात काहीतरी कुजल्याचा वास सुटला. नानांनी निदान केलं: जमिनीत दोष. माती तपासून आणा.

सुकदेवराव सरकारी माणूस असल्यामुळे सरकारी दाराला भीत नव्हते. ते मातीची पिशवी घेऊन जळगावला एका कृषी कार्यालयात गेले. टेबलामागे ऋतिका नावाची तरुण कृषी सहायक होती. तिनं संगणकावर अर्ज उघडला आणि पीक विचारलं. आयरिस. यादीत नव्हतं. फुलपिकांत झेंडू होता, गुलाब होता, शेवंती होती. "इतर" असा एक रकाना होता, तो दाबल्यावर क्षेत्र विचारलं गेलं, हेक्टरमध्ये. सुकदेवरावांनी मनातल्या मनात खड्डा हेक्टरमध्ये मोजला. ऋतिकानं भरला तो आकडा संगणकानं दोन घरांपर्यंत गोल केला आणि क्षेत्र शून्य दाखवलं. क्षेत्र शून्य असलेल्या शेतकऱ्याचा अर्ज पुढे जात नाही. छत्तीस वर्षं देशासाठी दारूगोळा बनवलेला माणूस तिथं, सर्वांदेखत, शून्य ठरला. त्यांनी पेन्शनरचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याचा संगणकावर काही परिणाम झाला नाही.

मग ऋतिकानं संगणक बाजूला सारला, पिशवी उघडली, नाकाशी नेली आणि लांब धरली. काका, माती चांगली आहे, कंद सडतोय, असं ती म्हणाली. फुलांचं तिचं शिक्षण झालेलं नव्हतं हे तिनं आधीच सांगितलं, पण जेवणाची सुट्टी मोडून तिनं मोबाइलवर शोधलं, कुणा मैत्रिणीला फोन केला आणि एका कागदावर लिहून दिलं. कंद वर काढा. सडलेला भाग चमच्यानं खरवडा. दोन दिवस उन्हात वाळवा, राख लावा. उंचवट्यावर, मुरूम घालून, अर्धा उघडा राहील असा ठेवा. पाणी बंद. आणि फूल यायचं तर याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते काका, आपल्याकडे अवघडच आहे, पण करून बघा. सुकदेवरावांनी कागद वाचला आणि खिशातली चिठ्ठी काढून शेजारी धरली. सडका भाग काढणं आणि थंडीचं वाक्य सोडलं तर दोन्हींत काहीच फरक नव्हता. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही.

कंद वाचला. उंचवट्यावर पाठ उघडी टाकून तो असा काही तरारला, की पंधरा दिवसांत बाजूचे दोन्ही फुगवटे फुटून दोन हिरवे पंखे बाहेर आले. सुकदेवरावांनी फोटो काढून देहरादूनला पाठवला. फोटो फार छान आला होता आणि पुढे तो किती उपयोगी पडणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

दिवाळी आली. भाऊबीजेला सुकदेवरावांची मोठी बहीण आली, ताईबाई अक्का. अक्का दिली साक्रीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका खेड्यात. चाळीस वर्षं तिथं काढल्यानं तिची बोली पार अहिराणी झालेली, आणि घराघरांतल्या लेकरांचं पोट दुखलं की अक्काला हाक, असा तिचा लौकिक. त्या दिवशी सगळे ओवाळणीच्या गडबडीत असताना नाना भिंतीवरून वाकले, त्यांनी कंद पाहिला आणि त्यांचा जीव कळवळला. मधल्या कंदाला दोन बाजूंनी दोन पिलं लागलेली.

आता केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. केळीच्या बुडाशी पिलं फुटली की ती आईचं अन्न खातात, घड बारीक पडतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी विळा घेऊन पिलं कापायची. चाळीस वर्षांत नानांनी बुडाशी पिलू दिसलं आणि कापलं नाही, असं झालं नव्हतं. ते फाटकातून आत आले, दोन झटक्यांत काम केलं आणि शेजारधर्म पाळल्याच्या समाधानानं परत गेले. जाताना केळीवाल्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी ती दोन्ही पिलं भिंतीवर मांडून ठेवली. चांगलं पिलू कुणी फेकत नाही; बांधावर ठेवतात, ज्याला हवं तो नेतो.

संध्याकाळी सुकदेवरावांनी पाहिलं तर आईचा कंद एकटा, ऐसपैस बसलेला. नानांनी सांगितलं, आता बघ कसं फूल येतं. सुकदेवरावांनी त्यांचे आभार मानले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: आभार मानले, आणि लताबाईंकडून फराळाचं ताटही पाठवलं. भिंतीवरच्या पिलांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्का साक्रीला गेली आणि भिंतही मोकळी झाली.

मग हिवाळा. 'थंडी लागते' हे ऋतिकाचं वाक्य सुकदेवरावांनी चुकून नानांसमोर उच्चारलं आणि नानांनी बर्फाचा कार्यक्रम हाती घेतला. रोज सकाळी कॉलनीतल्या चार घरांच्या फ्रीजमधून बर्फाचे ट्रे यायचे आणि कंदाभोवती मांडले जायचे. शेजारच्या बायका जाता-येता कंदाची चौकशी करू लागल्या. कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी म्हणालं ताक घाला. ज्या घरी पाहुण्याला सरबत द्यायला बर्फ उरला नाही, त्या घरच्यांनीसुद्धा कुरकुर केली नाही. हेमाभाभींना ओळखणाऱ्या जुन्या क्वार्टरवाल्या दोन-तीन जणी तर रोज यायच्या. सुकदेवरावांना हे सगळं अवघड वाटायचं आणि बरंही वाटायचं. इतकी माणसं एका कंदासाठी खपताहेत हे पाहून त्यांना एकदा अंगणातच भरून आलं होतं. त्यांनी ते शिंकेवर निभावलं.

मार्चमध्ये फूल आलं नाही. उन्हाळ्यात जुनी पाती एकेक करून वाळली. कंदावर कुठे एखादा डोळा फुटायचा, पण तो दिसला की नानांचा विळा तिथं पोचायचा. पावसाळा संपेस्तोवर उंचवट्यावर जे उरलं होतं त्याला दगड म्हणावं की कंद, हे सांगणं कठीण होतं. तिकडून साहेबांचा दर महिन्याला फोन. लखनौचा कंद सडला, जबलपूरचा फरशीखाली गेला. सुकदेव, अब तेरे पास ही बचा है. हे ऐकल्यावर सुकदेवरावांची जीभ खरं बोलायला उचललीच नाही. साहब, पान एकदम झकास है, असं म्हणून ते तो दिवाळीआधीचा फोटो पुन्हा पाठवायचे. तो एकच फोटो चार वेळा देहरादूनला गेला. साहेबांनी एकदा कौतुकानं लिहिलंही, की पौधा बड़ा अनुशासित है, एक इंच इधर-उधर नहीं होता.

आणि या जानेवारीत फोन आला, की फॅक्टरीच्या जुन्या लोकांचा मेळावा मार्चमध्ये आहे, मी येतोय. हेमाचं फूल बघायला मिळालं तर बघीन.

सुकदेवराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो दगड रुमालात बांधून ते जळगावला ऋतिकापुढे जाऊन बसले. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, याची पिलं कुठायत? कापली, सुकदेवराव म्हणाले. अभिमानानं नाही, पण आपण काही चुकीचं केलं असंही त्यांना वाटत नव्हतं. ऋतिकानं तो दगड परत रुमालावर ठेवला. मग तिनं हळूच सांगितलं, "काका, याचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. हा देहरादूनलाच फुलून आला होता. पुढचं फूल पिलांनाच येणार होतं."

घरी येऊन त्यांनी हे नानांना सांगितलं तेव्हा नाना भिंतीला धरून उभे राहिले. केळही एकदाच निसवते, एकदाच घड टाकते. ही गोष्ट चाळीस वर्षं माहीत असलेल्या माणसाला ती आणखी कुणाला लागू असेल असं सुचलं नव्हतं. मग ते एवढंच म्हणाले, "मी भिंतीवर ठेवली होती सुकदेवा. फेकली नव्हती."

मग भिंतीचा तपास सुरू झाला. भाऊबीजेच्या दिवशी कोण आलं, कोण गेलं, याची लताबाईंनी उजळणी केली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. अक्का निघताना म्हणाली होती, तुमच्या भिंतीवरचं वेखंड नेते गं, नातवाला होईल. लताबाईंना वाटलं होतं, नानांकडचं काही असेल. वेखंडाची पाती अशीच तलवारीसारखी असतात आणि कंदही असाच दिसतो, त्यात अक्काची चूक नव्हती. पण वेखंड उगाळतात. चौदा महिन्यांत साक्रीच्या सहाणेवर हेमाभाभींचं फूल उगाळून संपलं असणार, या कल्पनेनं सुकदेवरावांनी उचललेला फोन पुन्हा खाली ठेवला. फोन लताबाईंनीच लावला. अक्काच्या सुनेनं, कोकिळानं उचलला आणि सासूच्या कानाला लावला.

"ते खोटं वेखंड?" अक्का म्हणाली. "पोरले देवाना पहिले मी मना कपाळले लाई दखं. दिनभर खाज सुटनी. मंग दुसरं गोठाना मांगे दगडस्वर फेकी दिन्हं."

म्हणजे पोराला देण्याआधी स्वतःच्या कपाळाला लावून पाहिलं, खाजलं, म्हणून राहिलेलं एक गोठ्यामागच्या दगडांवर फेकून दिलं. लताबाईंनी धीर करून विचारलं, आता काय आहे तिथं?

"हिरवागार पंखा शे. पानी नही, खत नही, बोकड्या बी तोंड लावतस नही. कोन हात लावस त्याले?"

सुकदेवरावांनी खिशातली चिठ्ठी काढली. पीठ धूप में, पानी कम, खाद कम, छेड़ो मत. त्यांच्या बहिणीनं एक अक्षर न वाचता पाचही ओळी पाळल्या होत्या. आणि थंडीसाठी तर बर्फाच्या ट्रेची गरजच नव्हती. यंदाच्या हिवाळ्यात धुळ्याचा पारा सहावर गेल्याचं पेपरात आलं होतं, आणि डोंगराकडे त्याहून खाली. लताबाई म्हणाल्या, अक्काला सांगा आता काही करू नका. अक्का म्हणाली, मी काय करत व्हतू आतेलोंग? आतापर्यंत तरी तिनं काय केलं होतं!

मार्च उजाडला. कोकिळाचा फोन आला, की मधून दांडा निघालाय आणि त्याला तीन बोंडं आहेत. नानांचा विचार, मातीसकट उचलून आणू. यावर लताबाईंनी, उभ्या आयुष्यात नानांपुढे आवाज न चढवलेल्या लताबाईंनी, विळा कुठंय तो आधी दाखवा, असं विचारलं. नानांनी विषय सोडला. शेवटी ठरलं की फूल साहेबांकडे येणार नाही. साहेब फुलाकडे जातील. हितेंद्रनं गाडी काढली.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरणगावहून गाडी निघाली. पुढे हितेंद्र आणि नाना, मागे लताबाई, सुकदेवराव आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बिष्टसाहेब. साहेबांना एवढंच सांगितलं होतं, की फूल जरा लांब ठेवलं आहे. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नाना एक शब्द बोलले नव्हते. इतकी शेतं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गेली, एकालाही त्यांनी सल्ला दिला नाही. सुकदेवराव मात्र मोबाइलवर तो फोटो उघडत होते आणि बंद करत होते. धुळ्याच्या अलीकडे चहाला थांबले, तेव्हा ते साहेबांसमोर सेक्शनमध्ये उभे राहत तसे उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खड्डा, ठिबक, पिलं, फोटो चार वेळा. शेवटी म्हणाले, "साहब, मैंने शब्द दिया था और झूठ बोला. माफी."

साहेबांनी कप खाली ठेवला. "बैठ जा सुकदेव. हेमाने बाईस साल वरणगाव में यही फूल लगाया. हर साल. एक बार नहीं खिला. यहाँ नहीं खिलता, मुझे मालूम था."

सुकदेवरावांना काही कळेना. लताबाईंना कळलं. कुंडीतली ती पाती त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि दर मार्चमध्ये त्या पात्यांशी वाकून बघणाऱ्या हेमाभाभी. मग पाठवलं कशाला, असं सुकदेवरावांनी विचारलं. साहेब म्हणाले, हेमानंच सांगितलं होतं. लता के पास भेजना. खिले न खिले, लता पूछती रहेगी. आणि खरंच, या दीड वर्षात महिन्यातून एकदा तरी ज्या घरातून पानांची का होईना बातमी आली ते हे एकच घर होतं. बाकीच्या दोघांनी पोच दिली आणि संपलं. तो फोटो जुना आहे, हे मला दुसऱ्यांदाच कळलं होतं, असंही साहेबांनी सांगितलं. फोरमनला कळणार नाही तर कुणाला कळणार?

साक्री गेलं, रस्ता चढू लागला. अक्काच्या घरी पोचलो असं हितेंद्र म्हणाला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अक्कानं सगळ्यांना पाणी दिलं, साहेबांना खाट दिली, पण साहेब बसले नाहीत. गोठ्यामागे दगडांची एक पाळ होती. त्या दगडांत, मातीत म्हणता येणार नाही इतक्या मातीत, एक दांडा कमरेएवढा उभा होता आणि वरचं बोंड उमललं होतं. जांभळ्या तीन पाकळ्या वर, तीन खाली, आणि केशरी दाढी. साहेबांनी सांगितलेल्या मापात कुठेही फरक नव्हता. फक्त ते इतकं देखणं असेल, हे त्यांनी पत्रात लिहिलं नव्हतं.

साहेब बराच वेळ उभे राहिले. त्यांनी फुलाला हात लावला नाही. मग ते वळले आणि अक्कापुढे हात जोडून वाकले. इतका मोठा साहेब आपल्यापुढे वाकलेला बघून अक्काची पार धांदल उडाली. तिनं पदर तोंडाशी नेला.

"मी काय करं दादा? मी तं फेकी दिन्हं व्हतं. पडेल व्हतं मना दारशी."

हे ऐकलं आणि लताबाईंना इतक्या वर्षांचं रडू आलं. त्यांनी ते अडवलं नाही. साहेबांना त्या म्हणाल्या, "रूपाला परत देताना भाभीसुद्धा हेच म्हणाल्या होत्या. मैंने क्या किया लता, पड़ी रहती थी बच्ची मेरे घर में." मग अक्काचा हात धरून म्हणाल्या, "त्यांनी आमचं पिलू सांभाळलं, तुम्ही त्यांचं सांभाळलंत. आम्ही मधल्यामधे नुसते बघत राहिलो." सुकदेवरावांना वाटलं होतं की आज ऋण फिटेल. फिटलं नाही, उलट त्यात अक्का वाढली, ऋतिका वाढली, बर्फवाल्या शेजारणी वाढल्या. पण त्याचं ओझं वाटेना. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांनी तो राहू दिला.

कोकिळानं जेवायला हाक मारली. सगळे वळले, नाना मागे राहिले. ते गुडघ्यांवर हात ठेवून दांड्याच्या बुडाशी वाकून बघत होते. तिथं दोन बाजूंना दोन नवी पिलं फुटली होती. नानांचा उजवा हात सवयीनं कंबरेकडे गेला. मग त्यांना स्वतःलाच तो हात दिसला असावा. त्यांनी विळा काढला, हितेंद्रला हाक मारून त्याच्या हाती दिला आणि गाडीत नेऊन ठेवायला सांगितलं.

"सुकदेवा," ते म्हणाले, "ती चिठ्ठी वाच एकदा. पुरी वाच."

सुकदेवरावांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. नानांनी पाचही ओळी मधे हात वर न करता, शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.